अमेरिकेची दारूबंदी: बायकांनी आणली, बायकांनीच घालवली

डिसेंबर १८७३. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं हिल्सबरो नावाचं लहानसं गाव. नाताळ उद्यावर आलेला, थंडी कडाक्याची. गावातल्या चर्चमधून सत्तरेक बायका दोघी-दोघींच्या रांगेने स्तोत्र म्हणत बाहेर पडल्या. सगळ्यांत पुढे होत्या एलायझा थॉम्पसन. एका न्यायाधीशांच्या पत्नी, एका माजी गव्हर्नरची लेक, वय पन्नाशीच्या पुढे. चांगल्या घरातल्या बाईने दारूच्या गुत्त्यात पाऊल टाकायचं नाही असा तेव्हाचा दंडक. त्या दिवसांत या बायका गुत्त्यात शिरल्या, भुसा पसरलेल्या जमिनीवर गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मालकाला विनवलं, हा धंदा बंद कर. जिथे आत घेतलं नाही तिथे त्या दाराबाहेर थंडीत बसून राहिल्या.

अमेरिकेच्या दारूबंदीची गोष्ट निघाली की लोकांना आठवतात ते गुंड, बंदुका आणि अल कपोन. मला आधी या बायका आठवतात. कारण १९२० साली अख्ख्या देशात दारू बंद झाली ती त्यांच्या दुःखातून, आणि १९३३ साली ती उठली त्यातही मोठा वाटा बायकांचाच होता. दोन्ही वेळेला त्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती: सरकारची तिजोरी. हे दोन धागे हातात धरले की बाकीचा गुंता बराच सुटतो.

आधी हे बघू की लोक पीत किती होते. १८३०च्या सुमारास अमेरिकेत १५ वर्षांवरचा प्रत्येक माणूस वर्षाला सरासरी ७ गॅलन, म्हणजे २६-२७ लिटर शुद्ध अल्कोहोल पोटात घालत होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आज तिथे जेवढी पितात त्याच्या जवळपास तिप्पट. याचं कारण शेतीत होतं. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याला मका बैलगाडीतून डोंगरापलीकडे नेणं परवडत नसे. त्याच मक्याची व्हिस्की केली की वजन घटायचं, किंमत वाढायची आणि माल नासत नसे. त्यामुळे व्हिस्की पाण्याच्या भावात मिळायची. शेतमजुराला मजुरीबरोबर दारू द्यायची पद्धतच होती.

आता घरातल्या बाईच्या जागेवरून बघा. त्या काळी लग्न झालेल्या बाईच्या नावावर बहुतेक ठिकाणी काही नसे. नवऱ्याच्या पगारावर तिचा हक्क नाही, घटस्फोट अवघड, मुलांचा ताबा बापाकडे, मताचा अधिकार नाही. नवऱ्याने पगार गुत्त्यावर उडवला आणि घरी येऊन हात उगारला, तर जायचं कुठे? दारू पिणं हा ‘ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न’ असं म्हणणं तिच्यासाठी क्रूर होतं. पिणारा एक, भोगणारं घर आख्खं.

मी वर्ध्यात वाढले. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, नदीपलीकडच्या जिल्ह्यात दारू खुली. बंदी असूनही पिशवीतली मोहाची दारू सगळ्यांना ठाऊक होती, आणि तरीही आमच्या गल्लीतल्या कुणा बाईला विचारलं असतं तर ‘बंदी राहू द्या’ असंच ती म्हणाली असती. त्यामुळे ‘दारूबंदी म्हणजे मूर्खपणा’ असं एका वाक्यात उडवून लावणारे लेख वाचले की मला पटत नाही.

हिल्सबरोचं लोण काही महिन्यांत शेकडो गावांत पसरलं. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, क्लीव्हलंडला ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ ही बायकांची मद्यपाननिषेधक संघटना उभी राहिली. १८७९ पासून जवळजवळ वीस वर्षं तिची धुरा फ्रान्सिस विलर्ड यांनी वाहिली. त्यांचं म्हणणं साधं होतं: दारू थांबवायची तर बाईच्या हातात मत हवं. मतदानाचा हक्क, कामाचे तास, मुलींचं संमतिवय असे सगळे प्रश्न त्यांनी दारूच्या प्रश्नाला जोडून घेतले.

इथे एक आपलं माणूस भेटतं. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला १८८६ साली फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाई पुढे जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि त्या संघटनेच्या कामात त्याही सामील झाल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात या बायकांच्या संघटित कामाबद्दल मनापासून लिहिलं आहे. ज्यांना मतसुद्धा देता येत नाही अशा बायका देशभर शाखा काढतात, वर्गणी गोळा करतात, सभा चालवतात, याचं मोल रमाबाईंनी अचूक ओळखलं होतं.

गुत्ता आणि गुत्त्यामागची कंपनी

बायकांचा राग दारूवर होता तसा गुत्त्यावरही होता, आणि हा गुत्ता नक्की काय प्रकार होता ते समजून घ्यायला हवं. तिकडे त्याला सलून म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन स्थलांतरितांनी बीअर आणली. रेल्वे आणि बर्फातली वाहतूक यांमुळे ती दूरदूर जाऊ लागली. मग बीअर कंपन्यांत चढाओढ लागली आणि त्यांनी गुत्तेच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. जागेचं भाडं, परवान्याची फी, आरसा, टेबलं, सगळं कंपनी द्यायची. अट एवढीच की तिथे त्याच कंपनीची बीअर विकायची. एकेका चौकात चार-चार गुत्ते झाले. गल्ला भरायचा म्हणून मालक नाना युक्त्या करत. त्यातली एक म्हणजे ‘फुकट जेवण’. पाच सेंटची बीअर घ्या आणि टेबलावर मांडलेलं हवं तेवढं खा. मांडलेलं काय असे? खारवलेला मासा, खारं डुकराचं मांस, मीठ लावलेली कुरकुरीत बिस्किटं. खाल्लं की घसा कोरडा, की दुसरा ग्लास. कितीतरी ठिकाणी मजुरांच्या पगाराचा चेकसुद्धा गुत्त्यावरच वटवून मिळे. पगार हातात पडण्याची आणि खर्च होण्याची जागा एकच.

एक बाजू सांगायला हवी. कारखान्यात बारा तास राबणाऱ्या, एका खोलीत आठ जण राहणाऱ्या आयरिश, पोलिश, इटालियन मजुरांसाठी गुत्ता हीच बैठकीची खोली होती. तिथे पत्र यायचं, नोकरीची खबर मिळायची, आपली भाषा ऐकू यायची. गावाकडच्या प्रोटेस्टंट मंडळींना या परक्या कॅथलिक माणसांचा मुळातच तिटकारा होता, आणि दारूविरोधी चळवळीत तो तिटकाराही मिसळला. बायकांच्या न्याय्य तक्रारीत हे पाणी शिरलं, हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

बायकांनी हवा तयार केली, पण कायदा करून घेतला तो ‘अँटी-सलून लीग’ने. १८९३ साली ओहायोतच ओबर्लिनला ही संघटना निघाली आणि वेन व्हीलर नावाच्या वकिलाने तिला धार आणली. त्याचा डाव असा: उमेदवार कोणत्या पक्षाचा, स्वतः पितो की नाही, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. विधिमंडळात दारूविरोधी मत देशील का, एवढंच सांग. दे म्हटलं तर आमची मतं तुला, नाही म्हटलं तर तुझ्या विरोधकाला. अटीतटीच्या लढतीत शेकडा पाच-दहा मतं इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. १९०५ मध्ये ओहायोचे गव्हर्नर मायरन हेरिक यांना याच लीगने घरी बसवलं, आणि देशभरातले पुढारी सावध झाले. लीगने एकदम देशाला हात घातला नाही. आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा, मग राज्य. ठिकठिकाणी स्थानिक मतदानाने दारू बंद करत करत त्यांनी नकाशा कोरडा केला. बंदीवाल्यांना तिकडे ‘कोरडे’ आणि विरोधकांना ‘ओले’ म्हणत, तेच शब्द मी इथे वापरते.

पण एक अडचण होती, आणि ती मोठी होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं सुमारे एक तृतीयांश उत्पन्न दारूवरच्या करातून येत होतं. दारू बंद केली तर सरकार चालवायचं कशावर? कोरड्यांनी याचं उत्तर शोधलं: आयकर. १९१३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती होऊन केंद्राला आयकर लावण्याचा अधिकार मिळाला. कोरड्यांनी या दुरुस्तीला जोर लावला होता. आयकर आला तशी तिजोरीची दारूवरची भिस्त संपली, आणि त्याच वर्षी लीगने देशभर दारू बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीची मागणी उघडपणे पुढे केली.

राहिलेलं काम युद्धाने केलं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. बीअर कंपन्यांची नावं पाहा: पाब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर, बुश. सगळी जर्मन. धान्य सैनिकांसाठी की जर्मनांच्या बीअरसाठी, असा सवाल लीगने केला. त्या भडकलेल्या वातावरणात बीअरची बाजू घेणं म्हणजे देशद्रोह ठरू लागला. डिसेंबर १९१७ मध्ये अठरावी घटनादुरुस्ती संसदेने राज्यांकडे पाठवली. तीन चतुर्थांश, म्हणजे ४८ पैकी ३६ राज्यांची संमती हवी होती. जेमतेम तेरा महिन्यांत, १६ जानेवारी १९१९ रोजी, नेब्रास्काने छत्तिसावी संमती दिली. शेवटी ऱ्होड आयलंड आणि कनेक्टिकट ही दोनच राज्यं बाहेर राहिली.

कायद्यात नेमकं काय होतं

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. अठराव्या दुरुस्तीने दारू *पिण्यावर* बंदी घातली नव्हती. बंदी होती दारू बनवण्यावर, विकण्यावर, वाहून नेण्यावर आणि आयात-निर्यातीवर. अंमल सुरू होण्याआधी एक वर्षाची मुदत होती, आणि त्या मुदतीत विकत घेऊन घरात साठवलेली दारू पिणं पूर्ण कायदेशीर होतं. ज्याच्याकडे पैसा आणि तळघर होतं, त्याने वर्षांची बेगमी करून ठेवली. रोज संध्याकाळी पाच सेंटचा ग्लास घेणाऱ्या मजुराला ते कुठून जमणार? कायदा लागू होण्याआधीच श्रीमंताची दारू आणि गरिबाची दारू वेगळी झाली होती.

घटनेत ‘मादक पेय’ एवढाच शब्द होता. मादक कशाला म्हणायचं हे ठरवलं ऑक्टोबर १९१९ मधल्या व्होल्स्टेड कायद्याने. मिनेसोटाचे खासदार अँड्र्यू व्होल्स्टेड यांचं नाव त्याला लागलं, मसुद्यामागे हात व्हीलरचा होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरला, संसदेने तो झुगारून दिला. मर्यादा ठरली अर्धा टक्का. फक्त व्हिस्की-रम जाईल आणि हलकी बीअर राहील, अशा समजुतीने बंदीला पाठिंबा देणारे बरेच लोक होते. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. माझ्या मते पुढच्या तेरा वर्षांच्या फजितीचं बी इथेच पेरलं गेलं. मजुराची बीअर राहू दिली असती तर कदाचित व्हिस्कीवरची बंदी लोकांनी पचवली असती.

१७ जानेवारी १९२० ला अंमल सुरू झाला. आदल्या दिवशी व्हर्जिनियातल्या नॉरफोक गावात बिली संडे या लोकप्रिय धर्मोपदेशकाने दारूची प्रेतयात्रा काढली आणि हजारोंच्या सभेत ग्वाही दिली की अश्रूंचं राज्य आता संपलं, तुरुंगांचे कारखाने आणि कोठारं होतील, मुलं हसतील. लोकांनी हे खरं मानलं होतं. काही गावांनी तुरुंगाची गरज संपणार याच भरवशावर दिवस मोजले.

कायद्याला तीन खिडक्या ठेवल्या होत्या, आणि तिन्हींतून पूर आला.

पहिली खिडकी धर्माची. चर्चमधल्या आणि ज्यू कुटुंबांच्या विधींसाठी वाइन चालत होती. बघता बघता विधींना लागणारी वाइन वाढत गेली.

दुसरी औषधाची. डॉक्टरच्या सरकारी छापील चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळे, दहा दिवसांत एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडी कमी. गंमत अशी नाही, गंभीर गोष्ट अशी की १९१७ मध्येच अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने दारूला औषधी मूल्य नाही असा ठराव केला होता. बंदी आल्यावर बऱ्याच डॉक्टरांना ते मूल्य पुन्हा दिसू लागलं. याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डिसेंबर १९३१ मध्ये विन्स्टन चर्चिल व्याख्यानांसाठी न्यू यॉर्कला आले असताना फिफ्थ ॲव्हेन्यूवर मोटारीखाली सापडले. जबर मार लागला. जानेवारीत त्यांच्या डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली: अपघातानंतरच्या विश्रांतीसाठी, विशेषतः जेवणाच्या वेळी, मद्य आवश्यक, प्रमाण निश्चित नाही, पण कमीत कमी २५० घन सेंटिमीटर. ही चिठ्ठी आजही जपलेली आहे. चर्चिलना डॉक्टर मिळाला; गोदीतल्या हमालाला मिळाला नसता.

तिसरी खिडकी फळांच्या रसाची. शेतकऱ्यांच्या बायकांनी घरी सफरचंदाचा रस करून ठेवायला हरकत नाही, असं कलम होतं. तेच पकडून द्राक्षवाल्यांनी धंदा केला. कॅलिफोर्नियातले द्राक्षमळे बंदीत उजाड होतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात लागवड वाढली. वाळवून दाबलेल्या द्राक्षांच्या विटा विकायला आल्या. पाण्यात विरघळवली की रस तयार. वेष्टनावर ताकीद असे: हा रस बरणीत भरून फडताळात वीस दिवस ठेवू नका, नाहीतर त्याची वाइन होईल. घ्यायचं तसं लोकांनी ते घेतलं.

रोखणार कोण?

सुरुवातीला साऱ्या देशासाठी दारूबंदीचे सुमारे दीड हजार केंद्रीय अधिकारी होते. आणि राखायचं काय होतं? कॅनडाची हजारो किलोमीटरची हद्द, दोन महासागरांचे किनारे, मेक्सिकोची सीमा. डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांच्यामध्ये फक्त एक नदी. उन्हाळ्यात होड्या, हिवाळ्यात नदी गोठली की थेट बर्फावरून मोटारी. न्यू यॉर्कच्या किनाऱ्याबाहेर सागरी हद्द संपते तिथे रमने भरलेली जहाजं नांगर टाकून उभी राहायची आणि रात्री वेगवान होड्या माल उतरवायच्या. राज्यांनी मदत करायची अपेक्षा होती. न्यू यॉर्क राज्याने १९२३ मध्ये स्वतःचा अंमलबजावणीचा कायदाच रद्द केला. मेरीलँडने तो कधी केलाच नाही.

अधिकाऱ्यांचा पगार तुटपुंजा आणि समोरच्याच्या खिशात नोटांची पुडकी. लाच किती खोल गेली होती हे सिएटलच्या रॉय ओल्मस्टेडवरून कळतं. पोलिसातला लेफ्टनंट, तोच पुढे त्या भागातला दारूचा सर्वांत मोठा तस्कर झाला. त्याचे फोन चोरून ऐकून त्याला पकडलं. असं ऐकणं घटनेत बसतं का हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२८ मध्ये सरकार जिंकलं, पण न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचं विरोधी मत खाजगीपणाच्या हक्काचा आधार म्हणून पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं.

शिकागोत अल कपोन हा चोरट्या दारूच्या धंद्यातला टोळीप्रमुख मोठा झाला तो याच काळात. १४ फेब्रुवारी १९२९ ला एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, आणि ते फोटो पाहून देश हादरला. त्या खुनांसाठी कपोनवर खटला चालला नाही. १९३१ मध्ये त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली ती आयकर बुडवल्याबद्दल. बेकायदा कमाईवरही आयकर लागतो असा निकाल न्यायालयाने १९२७ मध्ये दिला होता, त्याचा सरकारने उपयोग केला.

पण मला कपोनपेक्षा विषाबद्दल सांगायचं आहे, कारण त्यात मेलेल्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. रंग, अत्तरं, औषधं यांसाठी कारखान्यांना अल्कोहोल लागतंच. ते कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी पदार्थ मिसळायची पद्धत होती. तस्कर ते चोरून, रसायनतज्ज्ञ ठेवून, शुद्ध करून विकू लागले. तेव्हा सरकारने मिश्रण आणखी कडक केलं. १९२७ मध्ये मिथेनॉलचं प्रमाण वाढवून काही मिश्रणांत दहा टक्क्यांपर्यंत नेलं. मिथेनॉल पोटात गेलं की आधी दृष्टी जाते, मग जीव. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं ज्या दारूने गेली, तिच्यातलं विष हेच. लोक हे पितात हे सरकारला ठाऊक होतं. न्यू यॉर्कचे प्रमुख वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी प्रेतांच्या तपासण्यांचे आकडे मांडून जाहीरपणे सरकारला या मृत्यूंसाठी जबाबदार धरलं. त्यांनी हेही सांगितलं की मरतात ते गरीबच. चांगल्या मालाचे पैसे देऊ शकणारे नाहीत. १९३० मध्ये आणखी एक प्रकार झाला. ‘जमैका जिंजर’ नावाचं आल्याचं औषधी अर्क, भरपूर अल्कोहोल असलेलं, गरीब वस्त्यांत दारू म्हणून प्यायचे. तपासणीत पास व्हावं म्हणून उत्पादकांनी त्यात एक औद्योगिक रसायन घातलं आणि हजारो लोकांचे पाय कायमचे लुळे पडले.

मग बंदीचा उपयोग काहीच झाला नाही का? झाला, आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिल्या दोन-तीन वर्षांत पिणं पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खाली आलं, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पुढे ते हळूहळू वाढत ६०-७० टक्क्यांवर आलं, तरी पूर्वीइतकं झालं नाही. यकृत कुजून होणारे मृत्यू कमी होते. जुना गुत्ता, तो खाऱ्या माशाचा आणि पगार गिळणारा, पुन्हा कधी तसा उभा राहिला नाही. मजुराच्या घरी थोडा पैसा येऊ लागला हेही खरं. पण त्याच मजुराच्या मुलाला शेजारच्या तळघरातल्या चोरट्या अड्ड्यावर आणखी जहाल माल मिळू लागला. चोरून आणायची तर बीअरच्या पिंपापेक्षा व्हिस्कीची बाटली सोपी. नशा जास्त, जागा कमी.

आणि शिक्षा वाढतच गेल्या. मिशिगन राज्यात चौथ्या गुन्ह्याला जन्मठेप असा नियम होता. १९२८ मध्ये दहा मुलांच्या एका आईला थोड्याशा दारूपायी जन्मठेप ठोठावली गेली. ज्या बाईच्या नावाने बंदी आणली होती, तीच बाई आता तुरुंगात.

वारं फिरलं

पॉलिन सेबिन या न्यू यॉर्कच्या श्रीमंत घरातल्या, रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीवर असलेल्या बाई. आपल्या दोन मुलांचं भलं होईल म्हणून त्यांनी आधी बंदीचं समर्थन केलं होतं. पुढे त्यांना दिसलं की मुलं कायद्याला हसत मोठी होत आहेत, आणि दिवसा दारूविरोधी मत देणारे पुढारी रात्री पितात. संसदेच्या एका सुनावणीत टेम्परन्स युनियनच्या अध्यक्षा एला बूल म्हणाल्या, मी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वतीने बोलते. सेबिन यांच्या मनात आलं, बाई, माझ्या वतीने नाही. मे १९२९ मध्ये शिकागोत त्यांनी बंदी उठवण्यासाठी बायकांची संघटना काढली. सभासदसंख्या दहा लाखांच्या पुढे गेल्याचा तिचा दावा होता. यामुळे नेमका फरक काय पडला? तोवर बंदीला विरोध करणारा म्हणजे दारूडा किंवा दारूवाल्यांचा माणूस, अशी खूणगाठ होती. आता आया म्हणू लागल्या की घर आणि मुलं वाचवायची तर हा कायदा जायला हवा. ज्या शब्दांनी बंदी आली, तेच शब्द दुसऱ्या बाजूला गेले.

आणि तिजोरी? ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत चारांपैकी एक कामगार बेकार. आयकर घ्यायचा कुणाकडून? तीन वर्षांत त्याचं उत्पन्न निम्म्याच्याही खाली आलं. १९१३ मध्ये ज्या आयकराने दारूचा कर अनावश्यक केला होता, तोच आटला. बंद पडलेल्या बीअर कारखान्यांत काम आहे, माल्टला बाजार आहे, सरकारला कर आहे, ही गोष्ट रांगेत पावासाठी उभ्या माणसाला समजावून सांगावी लागली नाही. १९३२ च्या जूनमध्ये तेलाच्या धंद्यातल्या गडगंज घराण्याचे वारस जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी जाहीर पत्र लिहिलं. जन्मात दारूला न शिवलेला माणूस, लीगला देणग्या देणाऱ्या घराण्यातला, आणि त्याने लिहिलं की पिणं वाढलं, कायद्याचा मान गेला, बंदी उठवा. हे लिहायला त्यांना किती जड गेलं असेल.

टेक्सासचे सिनेटर मॉरिस शेपर्ड यांनी १९३० मध्ये म्हटलं होतं की ही दुरुस्ती रद्द होण्याची शक्यता, शेपटीला वॉशिंग्टन स्मारक बांधून हमिंगबर्ड पक्षी मंगळावर जाण्याइतकीच. तीन वर्षांत ती रद्द झाली. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि ७ एप्रिल १९३३ ला ३.२ टक्क्यांची बीअर पुन्हा कायदेशीर झाली. एकविसाव्या दुरुस्तीच्या वेळी ओल्यांनी एक हुशारी केली. राज्यांच्या विधिमंडळांत लीगची दहशत अजून शिल्लक होती, म्हणून संमतीसाठी प्रत्येक राज्यात फक्त याच प्रश्नावर लोकांनी निवडलेल्या परिषदा भरवल्या. अमेरिकेच्या इतिहासात ही पद्धत एकदाच वापरली गेली. ५ डिसेंबर १९३३ ला युटाने छत्तिसावी संमती दिली आणि बंदी संपली. दारूवरच्या करातून सरकारला पहिल्याच वर्षी २५ कोटी डॉलरहून जास्त मिळाले, एकूण उत्पन्नाच्या सुमारे ९ टक्के.

संपली म्हणजे केंद्राची संपली. दारूचं काय करायचं ते राज्यांनी ठरवावं असं नव्या दुरुस्तीतच लिहिलं होतं. मिसिसिपी १९६६ पर्यंत कोरडं राहिलं. जॅक डॅनियल्स व्हिस्की जिथे बनते तो टेनेसीतला मूर जिल्हासुद्धा पुढे कितीतरी दशकं कायद्याने कोरडा होता. कंपन्यांना गुत्त्यांची मालकी घेऊ न देणारे नियम झाले. उत्पादक, ठोक विक्रेता आणि किरकोळ दुकानदार वेगळे ठेवले गेले. जुन्या गुत्त्याचा धडा एवढा तरी त्यांनी घेतला.

अमेरिकेने बंदी उठवल्यावर पंधरा वर्षांनी आपल्या घटना समितीत तोच प्रश्न आला. नोव्हेंबर १९४८ मध्ये आजच्या कलम ४७ वर चर्चा झाली. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी दारूबंदीच्या विरोधात भाषण केलं, जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या देवधर्मात दारूला स्थान आहे हे सांगितलं. कलम मंजूर झालं, ‘औषधी प्रयोजनाखेरीज’ हे शब्द घालून, आणि मार्गदर्शक तत्त्व म्हणून. अमेरिकेने घटनेतच हुकूम लिहिला होता, आपण दिशा लिहिली.

आज महाराष्ट्रातल्या गावात अंमल कसा होतो ते पाहायचं तर मतपत्रिका पाहावी. गावातल्या बायकांनी सह्या गोळा करून मागणी केली की दारूच्या दुकानाबाबत मतदान होतं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद करायचं तर आडवीवर शिक्का. आणि नुसती झालेल्या मतांत सरशी पुरत नाही. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई आली नाही, ती उभ्या बाटलीच्या खात्यात. म्हणून त्या दिवशी गावातल्या बाया पहाटेपासून घरोघर फिरतात, निंदणीला निघालेल्या मजुरणींना रस्त्यात गाठतात, माहेरी गेलेल्या लेकीसुनांना फोन करून बोलावून घेतात आणि म्हाताऱ्यांना हाताला धरून शाळेच्या खोलीपर्यंत आणतात.